भूगोलाचे चाळीस आणि नववीचे पन्नास

‘कोरोना बॅच’ म्हटलं की महाराष्ट्र बोर्डाची २०२० आणि २०२१ ची दहावी एकाच दावणीला बांधली जाते. नोकरीच्या मुलाखतीत, लग्नाच्या बोलणीत, शेजारपाजारच्या टोमण्यांत सगळीकडे तेच: ‘तुम्ही काय, पेपर न देताच पास!’ २०२० च्या मुलांबाबत हे साफ चूक आहे. त्यांनी एक सोडून सगळे पेपर वर्गात बसून लिहिले. राहिला तो फक्त ४० गुणांचा भूगोल. बारावीचा तर एकही पेपर राहिला नाही, त्यांची परीक्षा मार्चच्या मध्यापर्यंत आटोपली होती. २०२१ च्या मुलांनी मात्र बोर्डाचा एकही लेखी पेपर दिला नाही. दोन्ही निकाल उशिरा लागले, पण कारणं वेगळी, हिशेब वेगळा, अन्याय झालाच असेल तर तोही वेगळ्या मुलांवर.

आधी २०२० चं बघू. दहावीची परीक्षा ३ मार्चला सुरू झाली. २१ मार्चला, शनिवारी, इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर झाला आणि त्याच दिवशी २३ तारखेचा भूगोल पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. २२ ला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर टाळेबंदी. पुढे ढकललेला पेपर १२ एप्रिलला रद्दच झाला. नववी आणि अकरावीच्या दुसऱ्या सत्राच्या परीक्षाही त्याच घोषणेत रद्द झाल्या. त्या वेळी सगळ्यांचं लक्ष दहावीकडे होतं, नववीच्या परीक्षेचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचंच सगळं राजकारण आहे.

निकाल अडला तो मात्र भूगोलामुळे नव्हे. एका पेपरचे सरासरी गुण काढायला संगणकाला वेळ लागत नाही. अडले ते लिहून झालेल्या पेपरांचे गठ्ठे. केंद्रावर पेपर सुटला की उत्तरपत्रिका मोजून, सीलबंद होऊन परिरक्षकाकडे, म्हणजे गठ्ठे सांभाळणाऱ्याकडे, जातात. तिथून त्यांची पांगापांग होते, म्हणजे त्या दुसऱ्या भागातल्या परीक्षकांकडे जातात. परीक्षकाने तपासल्या की नियामक त्यातल्या काही पुन्हा बघतो, विशेषतः काठावरच्या. त्याच्यावर मुख्य नियामक. मग गुणांचे तक्ते विभागीय मंडळात आणि तिथून स्कॅनिंगला. या साखळीतली प्रत्येक कडी माणूस आणि वाहन यांवर चालते, आणि नेमकं तेच दोन्ही एप्रिल-मेमध्ये बंद होतं.

परीक्षकांना उत्तरपत्रिका घरी नेऊन तपासायची परवानगी मिळाली, पण त्याने अर्धाच प्रश्न सुटला. शिक्षक गावी अडकलेला, गठ्ठा शहरातल्या शाळेच्या कपाटात. तपासून झाला तर नियामक दुसऱ्या तालुक्यात आणि मधे नाकाबंदी. शाळेची इमारत विलगीकरण केंद्राला दिलेली. शिक्षकाला सर्वेक्षणाची नाहीतर रेशन दुकानावरची ड्यूटी. मुंबई-पुण्यात प्रतिबंधित क्षेत्रांतून गठ्ठे हलवायला परवाने काढावे लागले. नऊ विभागीय मंडळांपैकी एका विभागाचे तक्ते राहिले तरी राज्याचा निकाल थांबतो, कारण निकाल एकाच वेळी लावायचा असतो. कोकण विभाग आकाराने लहान, त्याचं काम लवकर होतं. मुंबई विभागाचा पसारा मोठा आणि साथही तिथेच जोरात.

शेवटी बारावीचा निकाल १६ जुलैला लागला, दहावीचा २९ जुलैला. आदल्या वर्षी याच तारखा २८ मे आणि ८ जून होत्या. म्हणजे दोन्हींना उशीर साधारण सात आठवड्यांचा. त्या परिस्थितीत तो फार नव्हता, असं माझं मत. गोव्याने दहावीची परीक्षाच २१ मे ते ६ जून अशी घेतली, थर्मामीटर लावून आणि बाकं लांब ठेवून, आणि निकाल लावला २८ जुलैला. आपल्या फक्त एक दिवस आधी! गोव्याची मुलं किती आणि आपली सतरा लाखांवर नोंदणी किती, हे बघता तुलना पुरती न्याय्य नाही, पण रद्द न करताही परीक्षा घेता येत होती एवढं त्यातून दिसतं.

या सात आठवड्यांत सर्वांत जास्त त्रास दिला तो व्हॉट्सॲपवरच्या तारखांनी. मंडळाचं बोधचिन्ह चिकटवलेली पत्रकं फिरायची, मंडळ खुलासा करायचं, चार दिवसांनी नवं पत्रक. खरी तारीख मंडळ फार आधी सांगत नाही. बहुतेक वेळा आदल्या दिवशी, त्यात निकालाची वेळ आणि गुणपडताळणीच्या मुदती एकत्र दिलेल्या असतात. ज्या पत्रकात तारीख आहे पण पडताळणीची मुदत नाही, ते खोटं असण्याची शक्यता दाट.

आता भूगोलाचे गुण. इतर विषयांत मिळालेल्या गुणांच्या सरासरीने ते द्यायचे ठरले. हिशेब करून बघा. मराठी ८० पैकी ६४, हिंदी ६०, इंग्रजी ५६, गणित दोन्ही भाग मिळून ६०, विज्ञान दोन्ही मिळून ६२, इतिहास ४० पैकी ३०. बेरीज ४४० पैकी ३३२, म्हणजे ७५.४५ टक्के. चाळीसला लावले की भूगोलाचे साधारण ३०. गणित-इंग्रजीत अडखळणारा पण नकाशा चोख भरणारा पोरगा यात मागे राहिला. भूगोल ‘शेवटच्या दोन दिवसांत बघू’ म्हणणाऱ्या हुशार मुलांचं उलट भलं झालं. पण टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने, सहापैकी पाच विषयांवर निघते. ज्याचं समाजशास्त्रच (इतिहास आणि भूगोल मिळून एक विषय) सर्वांत कमी होतं त्याचा तो विषय हिशेबातून गळला. एकंदरीत भूगोलामुळे फरक पडला तो काहींना एखाद-दीड टक्क्याचा आणि पुष्कळांना शून्याचा.

मग निकाल एकदम ९५.३० टक्के कसा? आदल्या वर्षी तो ७७.१० होता. ‘कोरोनामुळे सढळ हाताने गुण वाटले’ हे उत्तर सोपं आहे, आणि चुकीचं. २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि समाजशास्त्राचे अंतर्गत २० गुण काढून टाकले होते, पूर्ण १०० गुण लेखीचे. त्या वर्षी निकाल कोसळला, ओरड झाली आणि २०२० च्या परीक्षेला अंतर्गत गुण परत आले. अंतर्गत गुण होते तेव्हा, म्हणजे २०१८ ला, निकाल ८९.४१ होता. उडी कुठून आली ते यातच दिसतं. ९० टक्क्यांच्या वर २०१९ मध्ये सुमारे २८ हजार मुलं होती, २०२० मध्ये ८३ हजारांवर. साथ आली तेव्हा या मुलांचे २० गुण शाळेत भरून झालेले होते.

निकालाचा उशीर सगळ्यांच्या लक्षात राहिला, पण त्याहून लांबला तो अकरावीचा प्रवेश. तेव्हा मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावतीत प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होत असे. पहिली यादी ऑगस्टअखेर लागली. दुसरी लागायच्या तोंडावर, ९ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला अंतरिम स्थगिती दिली आणि सगळं थांबलं. दुसरी यादी आली डिसेंबर उजाडल्यावर. ज्यांचं नाव पहिल्या यादीत लागलं नव्हतं त्यांना तीन महिने ना कॉलेज ना पुस्तक. या तीन महिन्यांशी उत्तरपत्रिकांचा काही संबंध नव्हता. पुरवणी परीक्षाही जुलैऐवजी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेली, त्यामुळे एक-दोन विषय राहिलेल्यांचं वर्ष जवळजवळ हातचं गेलं. एटीकेटीची, म्हणजे विषय राहूनही पुढे प्रवेश घेण्याची, सवलत होती म्हणून त्यातले काही तरले.

२०२१ ची गोष्ट पूर्ण निराळी.

या वर्षी परीक्षा २९ एप्रिलपासून होणार होती. अभ्यासक्रम २५ टक्के कमी केलेला. १२ एप्रिलला परीक्षा पुढे ढकलली, २० एप्रिलला दहावीची रद्द झाली. आणि गुण कसे देणार हे जाहीर झालं २८ मे रोजी. मधले पाच आठवडे परीक्षा नाही एवढंच माहीत होतं. अभ्यास करायचा तरी कशाचा, हे शिक्षकांनाही सांगता येत नव्हतं. त्यातच परीक्षा रद्द करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झालेली, न्यायालयाने सरकारला खडे बोल सुनावलेले, त्यामुळे ‘परीक्षा परत होणार’ ही अफवाही जोरात. घरी थांबलेल्या पोराला निकालाच्या उशिरापेक्षा हा काळ जास्त जड गेला असणार.

सूत्र असं होतं. प्रत्येक विषयाचे १०० गुण: दहावीतल्या वर्षभराच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे ३०, गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, आणि नववीच्या अंतिम निकालाचे ५०.

हे पन्नास कुठून आले बघा. ही मुलं नववीत होती २०१९-२० मध्ये, म्हणजे ज्या वर्षाची दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली त्याच वर्षी. त्यांचा नववीचा ‘अंतिम’ निकाल म्हणजे पहिल्या सत्राची परीक्षा, चाचण्या आणि अंतर्गत काम. थोडक्यात, दहावीच्या गुणपत्रिकेचा अर्धा भाग २०१९ च्या दिवाळीआधी लिहिलेल्या सहामाहीवर उभा राहिला. ती सहामाही देताना कुणाच्या स्वप्नातही नव्हतं की याच गुणांवर अकरावीचं कॉलेज ठरणार आहे.

आपल्याकडे नववी ढिली आणि दहावी घट्ट असा जुना रिवाज. ‘यंदा नाटक-क्रिकेट होऊ दे, पुढच्या वर्षी क्लास लावू’ असं आईबापच म्हणतात. एखाद्या मुलीला नववीत गणितात १०० पैकी ५८ असतील तर तिचे २९ तिथेच ठरले. दहावीत तिने ३० पैकी ३० आणि २० पैकी २० मिळवले तरी बेरीज ७९. तिच्या शेजारी बसणारी, नववीत ८८ मिळवलेली मुलगी ४४ घेऊनच निघाली. दहावीत तिला ३० पैकी २४ आणि २० पैकी १९ मिळाले तरी ८७. दहावीतलं काम पहिलीचं चांगलं, गुणपत्रिका दुसरीची चांगली. असे विद्यार्थी प्रत्येक वर्गात होते आणि त्यांना दाद मागायला जागाच नव्हती. उत्तरपत्रिका नाही तर छायाप्रत कशाची मागणार आणि पुनर्मूल्यांकन कशाचं करणार?

तीस गुणांचंही दुखणं होतंच. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग स्थानिक प्रशासनाच्या संमतीने सुरू करायला परवानगी मिळाली, पण मुंबई महापालिकेने शाळा बंदच ठेवल्या. ग्रामीण भागात काही शाळांनी सराव परीक्षा वर्गात घेतल्या, शहरांत गूगल फॉर्मवर. वर्गात लिहिलेला पेपर आणि घरी पुस्तक मांडीवर ठेवून भरलेला फॉर्म यांचे गुण एकाच रकान्यात गेले. काही शाळांकडे वर्षभराची नोंदच नव्हती. त्यांनी जूनमध्ये घाईघाईने फोनवर तोंडी घेतली, पालकांकरवी गृहपाठ मागवला. ज्यांच्याकडे फोन नव्हता, किंवा गावी गेल्यावर रेंज नव्हती, त्यांना शोधत शिक्षक वाड्यावस्त्यांवर हिंडले.

शाळेवर लगाम म्हणून मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची निकाल समिती नेमायची होती. विषयशिक्षक गुण देणार, वर्गशिक्षक संकलन करणार, समिती तपासणार, मुख्याध्यापक मंडळाच्या संगणक प्रणालीत भरणार आणि मूळ नोंदी सीलबंद पाकिटातून विभागीय मंडळात. हे सगळं जूनमध्ये. पण समिती शाळेचीच. सीबीएसईने दहावी-बारावीच्या गुणांना शाळेच्या मागच्या वर्षांच्या निकालाची वेसण घातली होती, ठरावीक मर्यादेपलीकडे सरासरी चढू द्यायची नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या सूत्रात नववीचे ५० सोडले तर तशी काही वेसण नव्हती. गुण फुगतात ते अशाच जागी.

सर्वांत बिकट अवस्था १७ नंबर फॉर्म भरून बाहेरून बसणाऱ्यांची आणि पुनर्परीक्षार्थींची. त्यांना ना नववीचा ताजा निकाल, ना वर्षभराच्या चाचण्या. त्यांच्यासाठी आधी उत्तीर्ण केलेल्या वर्गाचे किंवा विषयांचे गुण धरून वेगळा हिशेब करावा लागला. जुने दाखले आणि प्रगतिपुस्तकं हुडकण्यात जून गेला. ज्यांचं प्रगतिपुस्तक घरात जपलेलं होतं त्यांचं काम झालं, बाकीचे जुन्या शाळेच्या दारात.

निकाल १६ जुलैला दुपारी एकला लागला: ९९.९५ टक्के, कोकण विभाग १०० टक्के. पैकीच्या पैकी गुण ९५७ जणांना. २०१९ मध्ये असे २० होते, २०२० मध्ये २४२. प्रत्यक्षात एक वाजता कुणालाच काही दिसलं नाही. संकेतस्थळ बसलं ते पार संध्याकाळपर्यंत. पावणेसोळा लाख मुलं, त्यांचे आईवडील, मामा, क्लासवाले असे सगळे एकाच मिनिटाला दार ठोठावतात, हे मंडळाला दरवर्षी माहीत असतं. त्यात या वर्षी परीक्षाच झाली नव्हती, त्यामुळे पुष्कळांकडे हॉल तिकीट नव्हतं आणि आपला बैठक क्रमांकही माहीत नव्हता. तो शोधायची सोय आदल्या दिवशी दिली गेली. निकालाला दोनच गोष्टी लागतात, बैठक क्रमांक आणि आईचं नाव, आणि आईचं नाव फॉर्ममध्ये जसं इंग्रजीत लिहिलं तसंच. ‘सविता’तला ‘व’ कुठे व्ही तर कुठे डब्ल्यू, आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ असा संदेश येण्याचं ते नेहमीचं कारण. फॉर्मची झेरॉक्स घरात ठेवा, एवढाच उपाय. पान सारखं रिफ्रेश करत बसल्याने रांग वाढते, निकाल लवकर येत नाही.

गुण असे वाटले गेले तर अकरावीचा प्रवेश कशावर द्यायचा? त्यासाठी सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, ठरली. ऐच्छिक, १०० गुणांची, दोन तासांची. इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र प्रत्येकी २५, तारीख २१ ऑगस्ट. देणाऱ्यांना प्रवेशात आधी प्राधान्य, उरलेल्या जागा न देणाऱ्यांना. मग ऐच्छिक कसली? प्रश्न राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर, म्हणून इतर मंडळांची मुलं न्यायालयात गेली आणि १० ऑगस्टला, परीक्षेला अकरा दिवस उरले असताना, उच्च न्यायालयाने सीईटी रद्द केली. दहावीच्या गुणांवरच सहा आठवड्यांत प्रवेश पूर्ण करा असा आदेश झाला. नववी कच्ची गेलेल्यांना स्वतःला सिद्ध करायची हीच एक संधी उरली होती. कायद्याच्या बाजूने निकाल बरोबर असेलही, पण तोटा झाला तो नेमका याच मुलांचा.

बारावीचं थोडक्यात. परीक्षा ३ जूनला रद्द, सूत्र २ जुलैला: दहावीच्या सर्वोत्तम तीन विषयांची सरासरी ३० टक्के, अकरावीचा निकाल ३० टक्के, बारावीचं अंतर्गत काम ४० टक्के. भौतिकशास्त्राच्या ७० लेखी गुणांपैकी २१ दहावीतून, २१ अकरावीतून, २८ बारावीतून, आणि प्रात्यक्षिकाचे ३० वेगळे. म्हणजे दहावीच्या मराठी-संस्कृतचे गुण बारावीच्या फिजिक्समध्ये उतरले. अकरावीचं रडगाणं नववीसारखंच, तिचीही दुसऱ्या सत्राची परीक्षा २०२० मध्ये रद्दच झालेली. सर्वोच्च न्यायालयाने मंडळांना ३१ जुलैपर्यंत निकाल लावायला सांगितलं होतं. पण २२ जुलैला चिपळूण बुडालं, कोल्हापूर-सांगलीत पाणी शिरलं. निकाल ३ ऑगस्टला लागला, ९९.६३ टक्के. इंजिनिअरिंग-फार्मसीला जाणाऱ्यांना त्याची झळ कमी बसली, त्यांचे प्रवेश एमएचटी-सीईटीवर. बीए-बीकॉमच्या नावाजलेल्या कॉलेजांत मात्र कटऑफ वर चढला.

तेव्हा आज एखाद्याची गुणपत्रिका समोर आली तर आधी वर्ष बघा. मार्च २०२० ची असेल तर ती नेहमीसारखीच वाचा, समाजशास्त्रातले ४० गुण तेवढे सरासरीचे धरा. त्या वर्षी गुणपडताळणी (विषयाला ५० रुपये), छायाप्रत (४०० रुपये) आणि छायाप्रत मिळाल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत पुनर्मूल्यांकन (३०० रुपये) हे सगळे मार्ग उघडे होते, म्हणजे त्या गुणांची खातरजमा करता येत होती. २०२१ ची असेल तर एकूण टक्क्यांवरून फार काही ठरवू नका. अकरावी-बारावीचे गुण मागा, नाहीतर स्वतः छोटी चाचणी घ्या.

२०२१ च्या निकालावर नाराज असलेल्यांना श्रेणीसुधारची, म्हणजे गुण वाढवायला पुन्हा परीक्षा देण्याची, मुभा होती. पुरवणी परीक्षा सप्टेंबर-ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली, दहावीची २२ सप्टेंबरपासून, बारावीची १६ सप्टेंबरपासून. अडचण एवढीच की अकरावीच्या प्रवेशफेऱ्या तोवर सुरू होत्या. प्रवेश धरून ठेवायचा, अकरावीचे ऑनलाइन तास करायचे आणि त्याच आठवड्यात दहावीचा पेपर लिहायचा, हे जमवायला तयार असणाऱ्यांनाच त्या मुभेचा उपयोग झाला.